सात नंबरचं कासव

"श्वास सोड. सगळा सोड," अनीपा म्हणाली आणि पट्टा हातात धरून थांबून राहिली.

तिच्याकडे पाठ करून उभा असलेला गलेलठ्ठ मास्तर काराकोलहून आला होता. गेल्याच महिन्यात तो स्नोबोर्डवर उभा राहायला शिकला होता. पडायला त्याच्या आधीच शिकला होता.

"सोडला की, एजे. आता आत काही उरलं नाही."

"घोडेपण असंच सांगतात. तंग आवळताना पोट फुगवायचं आणि दहा पावलांवर खोगीर पोटाखाली. सोड म्हणते ना!"

मास्तरला हसू आलं, हसताना श्वास सुटला, आणि तेवढ्यात अनीपानं पट्टा दोन बोटं आत ओढून घेतला. मग पाठीवरून तळवा फिरवला. पाठीचं कवच मानेच्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरपर्यंत नीट बसलं होतं. सारी-बुलाकच्या स्की तळावर त्याला कोणी कवच म्हणत नसे. सगळे कासव म्हणत. अनीपाला सगळे एजे, किर्गिझमध्ये ताई, म्हणत. 'एजे, एक कासव द्या,' असं म्हणत माणसं खोलीत शिरत.

"मनगटाच्या पट्ट्या घातल्यास? गुडघ्याच्या? आणि आतली गादीची चड्डी?"

"ती नको, एजे. मुली बघतात."

"माकडहाड मोडलं की त्याच मुली तुला पालथं घालून गाडीत टाकतील. तेव्हा त्यांना दुसरीकडे बघा म्हणशील? जा, पडद्यामागे जा."

मास्तर पडद्यामागे गेला. बाहेर बर्फ पडत होतं. इतकं सावकाश, की एखादा कण मध्येच विचार बदलून परत वर जाईल असं वाटावं. तारेवरच्या पाळण्याच्या खुर्च्या एकामागून एक वर चढत होत्या आणि तिसऱ्या खांबापाशी ढगात नाहीशा होत होत्या. त्यांत बसलेली माणसंही तिथेच नाहीशी होत. अनीपानं वरचा उतार कधी पाहिलाच नव्हता. तिच्या लेखी माणसं पांढऱ्यात जात आणि तासाभरानं पांढऱ्यातून लालबुंद गाल घेऊन परत येत.

तरुणपणी ती सामुदायिक शेताच्या खोगीरखान्यात शिवणकाम करायची. शेत बुडालं, खोगीरखान्याला टाळं लागलं. पुढे बऱ्याच वर्षांनी गावाच्या डोक्यावर पाळणा आला. भाड्याच्या सामानाचे तुटके पट्टे शिवून द्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तिला चार दिवसांसाठी बोलावलं. त्या चार दिवसांना आता अकरा हिवाळे झाले होते. या अकरा हिवाळ्यांत ती माणसं पाठीवरून ओळखायला शिकली. घाबरलेली पाठ, बढाईखोर पाठ, बायकोशी भांडून आलेली पाठ, सगळ्या तिला हाताला कळत. चेहरे मात्र ती विसरून जाई.

खोलीतल्या लांब फळीवर खिळे होते आणि खिळ्यांवर नंबर. सात सोडून एकपासून वीसपर्यंत सगळी कासवं आज शनिवार म्हणून बाहेर गेली होती. सात नंबरच्या खिळ्यावर आठवडाभर काहीच नव्हतं. सकाळपासून चौघांनी सात नंबर मागितलं होतं, आणि चौघांनाही तिनं सांगितलं, धुतलंय, ओलं आहे.

सात नंबरची गोष्ट त्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. अनीपाचा नवरा असनकुल तळाच्या बचाव पथकात होता. सहा हिवाळ्यांपूर्वी कोक-बेलच्या उतारावर वाट चुकलेल्या दोघांना शोधायला तो गेला, आणि त्याच्या पायाखालचं बर्फ फळीसारखं तुटलं. तो खाली गेला, पाठीवर खडकावर आपटला, आणि उठून उभा राहिला. नुसता उभाच नाही, त्या दोघांना घेऊन चालत आला. तो पडला ती उंची लोकांच्या तोंडी दर वर्षी वाढत गेली. तेव्हा त्याच्या पाठीवर जे कासव होतं, तेच हे. त्यानंतर दोन वर्षांनी असनकुल गेला, अंथरुणात, साध्या न्यूमोनियानं. तेव्हापासून कासव सात नंबरच्या खिळ्यावर होतं. एकदा माणूस वाचवलेली वस्तू त्या खोऱ्यात कोणी टाकत नाही. तिला वाचवायची सवय लागलेली असते, असं म्हातारे सांगत आणि तरुण हसत हसत मानत. ताशकंदहूनसुद्धा फोन येत, एजे, रविवारी सात नंबर आमच्यासाठी ठेवा.

शेगडीपाशी कुबात बसला होता. बिश्केकचा दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, बडबड्या. गेल्या रविवारी हाच सात नंबर घालून उडी मारायला गेला होता आणि लाकडाच्या ओंडक्यावर पाठीवर पडला होता. त्याला तसाच उचलून काराकोलच्या दवाखान्यात नेलं. कासव तिथेच काढलं आणि एका पिशवीत घालून परत पाठवलं. आज त्याचे मित्र पुन्हा आले, तर हाही बरगड्यांना पट्टे गुंडाळून सहा तास गाडीत बसून आला होता. येताना मिठाईचा खोका आणि आईनं तळून दिलेले कणकेचे बोर्सोक घेऊन आला होता.

"दोन बरगड्या आणि एका मणक्याची कड," तो चौथ्या माणसाला सांगत होता. "डॉक्टर म्हणाला, बोटभर इकडे झालं असतं तर पाय गेले होते. बोटभर! कोणी वाचवलं? या एजेनं. आणि असनकुल आकेच्या कासवानं."

"मग काय तर," पाळणा चालवणारा म्हातारा मामबेत चहा भुरकत म्हणाला. "आमचा असनकुल मेल्यावरही कामावर आहे. मी जिवंतपणी एवढं काम करत नाही."

सगळे हसले. अनीपा हसली नाही. तिनं एका हेल्मेटचा पट्टा उगाचच पुन्हा तपासला.

त्या रविवारी पिशवी आणून टेबलावर ठेवली गेली, तेव्हा तिनं सवयीनं हात आत घातला होता. आत गार होतं. हलवल्यावर आतून सुकलेल्या दह्याचे गोळे चुरडावेत तसा आवाज आला. तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि टेबलाखाली सरकवली. सहा दिवस ती पिशवी तिथेच होती आणि सहा दिवस अनीपाचे पाय त्या बाजूला गेले नव्हते.

दार उघडलं आणि थंडीच्या झोतासोबत मीरिम आत आली. अनीपाची मुलगी, चोवीस वर्षांची, बापासारखीच उंच आणि रुंद खांद्यांची. आज तिचा मोठा दिवस होता. ती पहिल्यांदाच वाटाडी म्हणून सहा पाहुण्यांना कोक-बेलवर घेऊन जाणार होती. पाहुणे बाहेर उभे राहून तिच्याकडे बोट दाखवत होते. असनकुलची मुलगी, असं एकमेकांना सांगत होते.

"आपा, आज सात नंबर मला."

मीरिम आईला आपा म्हणे आणि बापाला, मान देऊन सगळे म्हणत तसं, आके. काही मागायचं असलं की 'आपा' जरा लांबवत असे.

"तुझं कुठे गेलं?"

"पाहुण्यांमधल्या एकीचं सामान विमानात राहिलं. माझं तिला दिलं. बिनकासवाचं कोणाला वर नेणार नाही, मीच नियम सांगितलाय ना. दे लवकर, उजेड आहे तोवर निघायचंय."

"धुतलंय. ओलं आहे."

"ओलं तर ओलं. अंगावर वाळेल."

"उद्या ने."

"आपा, कोक-बेलवर मी आज पहिल्यांदा जातेय. आकेचं कासव आज नाही घालायचं तर कधी घालायचं?"

कुबात शेगडीपाशी बसूनच बोलला. "द्या की, एजे! तिच्या बापाचं आहे. पोरी, डोळे मिटून घाल. अगं, माझं स्वतःचं नवंकोरं कासव त्या दिवशी गाडीत होतं. अजून आहे, लेबलसुद्धा काढलं नाही. म्हटलं, दुकानातल्या कासवाला काय कळतंय? हे कसं, एकदा वाचवून बसलेलं. म्हणून ते ठेवलं आणि हे घातलं. आणि बघ!"

सहा दिवस तिनं एकाच गोष्टीवर तग धरला होता: माझ्याकडचं नसतं तर या माणसाच्या पाठीवर काहीच नसतं. काहीच नसण्यापेक्षा ते बरं होतं. आता तोही आधार गेला. याच्याकडे चांगलं होतं. नवं होतं. आणि तिच्या खिळ्यावरच्या मेलेल्या वस्तूसाठी ते त्यानं गाडीत टाकून दिलं होतं.

तिनं मीरिमच्या पाठीकडे पाहिलं. मीरिम वळून उभी होती, हात जरा बाजूला धरून, कोणी पट्टे बांधावेत म्हणून. लहानपणी कोट घालून घ्यायला ती अशीच उभी राहायची.

अनीपा खाली वाकली आणि तिनं पिशवी वर काढली. मग कात्री घेतली.

"आपा, काय करतेस?"

खोगीरखान्यातल्या हातांनी तिनं कासवाची शिवण एका टोकापासून सरळ उसवत नेली. कापड उलटलं. आतला पत्रा बाहेर काढून टेबलावर ठेवला. मधाच्या पोळ्यासारखी त्याला बारीक घरं होती. कडेची घरं उभी होती. मधली सगळी चिरडून सपाट झाली होती, आणि तिथला चुरा टेबलावर सांडला.

"बघा, बघा कसं तुटलंय!" कुबात कौतुकानं म्हणाला. "सगळा मार यानं खाल्ला."

"तुझा नाही," अनीपा म्हणाली. तिनं कडेला एका जागी बोट ठेवलं. तिथला मोड चकचकीत होता, ताजा. "तुझा एवढाच आहे. हा मधला जुना आहे. कडा काळ्या पडल्यात बघ. हा असनकुलचा. तू जिथे पडलास तिथे आत काहीच उरलं नव्हतं. पाठीवर नुसतं कापड होतं तुझ्या."

शेगडीत लाकूड तडकलं. मामबेतनं पेला खाली ठेवला.

"तुला हे आज कळलं?" मीरिमनं विचारलं.

"नाही."

"कधी?"

"आके वाचला म्हणून आपण मेंढा कापला, त्याच दिवशी. पाहुणे गेल्यावर त्यानंच सांगितलं. म्हणाला, अनीपा, हे एकदाच कामाचं असतं. माझी पाठ वाचली, याची मोडली. फेकून दे." तिनं चुरा हातानं एका जागी गोळा केला. "मी हो म्हटलं आणि पेटीत ठेवलं. त्याला नवीन मिळालं होतं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही."

"मग खिळ्यावर कसं आलं?"

या प्रश्नाला ती चार वर्षं भीत होती. तो मुलीच्याच तोंडून येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात एक दिवस कासवं कमी पडली. ओशचा एक पोरगा होता, नुसता सपाटीवर शिकायला आलेला. त्याला दिलं. संध्याकाळी त्यानं परत आणलं." अनीपानं उसवलेलं कापड हातात घेतलं. "गरम होतं गं. पाठीच्या जागी गरम आणि ओलसर. असनकुल घरी आल्यावर काढून माझ्या हातात द्यायचा ना, तसंच. मी पडद्यामागे जाऊन त्यात तोंड खुपसून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिलं. मग रोज. लोक गोष्ट सांगायला लागले, मी सांगू दिली. कोणी पडलं नाही तोवर माझी रोजची संध्याकाळ बरी जायची. एवढंच. दुसरं कारण नाही."

बाहेर पाळणा घरघरत होता. मीरिमचे हात अजून बाजूला तसेच होते. तिनं ते आता खाली घेतले.

कुबात बरगडीवर हात दाबून उठला. त्याचा बडबड्या चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"माझे पाय गेले असते, एजे."

"हो."

"मला दोन लहान मुली आहेत."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता!"

"मग काय म्हणू, बाबा? तू सांग, मी म्हणते."

तो दार ढकलून बाहेर गेला. उघड्या दारातून थोडं बर्फ आत आलं आणि उंबऱ्याशी विरघळलं. पडद्यामागून मास्तर गादीची चड्डी घालून बाहेर आला, खोलीतली शांतता बघून परत पडद्यामागे गेला.

पाच मिनिटांनी कुबात परत आला. त्याच्या हातात पारदर्शक पिशवीत बांधलेलं काळं कासव होतं, लेबलासकट. अनीपाकडे न बघता त्यानं ते मीरिमच्या हातात दिलं.

"हे घाल. याला नशीबबिशीब काही नाही. नुसतं नवीन आहे."

मीरिमनं पिशवी फाडली. अनीपा सवयीनं पुढे झाली, तिचा हात पट्ट्याकडे गेला.

"राहू दे," मीरिम म्हणाली. "माझं मी बांधते."

तिनं श्वास सोडला, पट्टा ओढला, आरशात न बघता पाठीवर हात नेऊन कड तपासली. सगळं बरोबर केलं. अनीपानंच शिकवलं होतं. मग हेल्मेट उचलून ती बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं सात जणांची रांग तिसऱ्या खांबापाशी पांढऱ्यात शिरली. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही अनीपा खिडकीशी उभी होती. त्या पांढऱ्यात काही दिसत नव्हतं, नुसतं बर्फ हळूहळू खाली येत होतं.

मामबेत खाकरला. "अनीपा, हे उकिरड्यावर नको टाकूस. असनकुलचं आहे. ऐंशी-नव्वदीचा म्हातारा गेला की त्याचं कापड फाडून आपण तुकडे वाटतो, तसं कर. तेबेरिक म्हणून, आशीर्वादाचा एकेक तुकडा दे. मीच पहिला घेतो. सगळे घेतील."

"असनकुल एकसष्टचा होता."

"मग काय झालं? माणूस चांगला होता."

"चांगला होता म्हणून तर नको." तिनं पत्रा उचलला. "आज तुला तुकडा देईन. उद्या तुझा नातू तो कोटाच्या आत शिवेल आणि त्याच्या भरवशावर कासव न घालताच वर जाईल. चिंधीसुद्धा नाही द्यायची."

पट्टे आणि कड्या शाबूत होत्या, त्या तिनं कापून दुरुस्तीच्या डब्यात टाकल्या. शिवणारी बाई होती, चांगली कडी फेकवत नव्हती. बाकीचं कापड तिनं बारीक कातरलं, इतकं बारीक की कोणाला उचलून खिशात घालता येऊ नये. चुऱ्यासकट सगळं कचऱ्याच्या पिंपात गेलं. रडू येईल असं तिला वाटत होतं. आलं नाही, नुसता हातांना फार थकवा आला.

कुबात मित्रांची वाट बघायला गाडीत जाऊन बसला. मिठाईचा खोका आणि बोर्सोक त्यानं परत नेले नाहीत.

दुपारी फोन वाजला. तलासचा कोणी तरुण होता. पुढच्या शनिवारी सात नंबर हवं होतं.

"सात नंबर नाही आता," अनीपा म्हणाली. "ते मोडकं होतं. चार वर्षं मोडकंच होतं."

तिकडचा हसला. "एजे, दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर तसं सांगा की. माझ्या चुलतभावानं मागच्या वर्षी घातलं होतं. त्यानं तर स्वतःचं विकूनच टाकलं. म्हणतो, एजेचं आहे तोवर कशाला?"

अनीपानं फोन ठेवला. मग फळीवरून भाड्याच्या वह्या काढल्या, चार हिवाळ्यांच्या चार. नाव, गाव, फोन, नंबर. सात आकडा दिसेल तिथे बोट ठेवायचं आणि फोन लावायचा.

पहिला ओशचा पोरगा. तो आता मॉस्कोत इमारतीच्या परांचीवर काम करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एजे, तिकडे बर्फ पडतंय का हो?" ती पडतंय म्हणाली. नारीनच्या एका बाईनं तिला तोंडाला येईल ते सुनावलं. अनीपानं तिचं सगळं बोलणं होईपर्यंत फोन कानापासून हलवला नाही. एकानं विश्वासच ठेवला नाही, मी तीनदा पडलो होतो आणि खरचटलंसुद्धा नाही, म्हणाला. त्याला तिनं दोनदा समजावलं. मध्येच गिऱ्हाईकं येत, ती कासवं काढून घेई, खिळ्यावर लावी आणि पुन्हा वहीकडे वळे.

उजेड निळा व्हायला लागला तेव्हा दार उघडलं. मीरिम होती. तिच्या मागे पाहुण्यांचा हसण्याचा आवाज आला. सहाही आवाज होते. अनीपाचा जीव भांड्यात पडला, पण तोंडून बाहेर पडलं ते फोनवरचंच.

"हो, माझ्या नवऱ्याचंच," ती म्हणत होती. "हो, वाचवलं होतं त्याला. एकदा."

मीरिमनं हेल्मेट काढलं. पापण्यांवरचं बर्फ पुसलं. टेबलावरच्या उसवलेल्या दोऱ्यांकडे, उघड्या वह्यांकडे, नावांपुढच्या खुणांकडे तिनं पाहिलं. अंगावरचं कासव तसंच ठेवून तिनं स्टूल ओढलं, खालची वही घेतली आणि पानं चाळत सात शोधला. मग स्वतःचा फोन काढून नंबर लावला.

"सलाम," ती म्हणाली. "मी सारी-बुलाकहून बोलतेय. अनीपा एजेची मुलगी."